माध्यमिक शाळेचे पालककृत मूल्यमापन

माध्यमिक शाळेचे पालककृत मूल्यमापन म्हणजे पाल्य शिकत असलेल्या किंवा जेथे त्याला प्रवेश घ्यावयाचा आहे अशा शाळेच्या गुणवत्तेची पालकांनी केलेली पारख होय. महाराष्ट्रात नववी व दहावी हा माध्यमिक टप्पा मानला जातो. परंतु अनेक माध्यमिक विद्यालयांत पाचवी किंवा आठवीपासून वर्ग असतात. त्यामुळे शाळेची निवड बरीच आधी होते आणि तिचे परिणाम शालान्त परीक्षेच्या वेळी दिसून येतात.

प्रचलित निकष

दहावीचा निकाल, शिक्षणाचे माध्यम, शुल्क, शिस्त, इमारत, संस्थेचा लौकिक आणि घरापासूनचे अंतर हे पालकांचे नेहमीचे निकष आहेत. ग्रामीण भागात मुलींच्या बाबतीत अंतर निर्णायक ठरू शकते. अहिल्याबाई होळकर योजनेखाली मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळतो. तथापि गाडीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नसेल, तर या सवलतीचा उपयोग मर्यादित राहतो. वापरण्याजोगे स्वच्छतागृह व पिण्याचे पाणी यांचाही उपस्थितीशी निकटचा संबंध आहे.

निकालाची टक्केवारी व तिच्या मर्यादा

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत उत्तीर्ण होण्यासाठी ३५ टक्के गुण आवश्यक असतात. शाळेचा निकाल परीक्षेस बसलेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येवरून काढला जातो. उदाहरणार्थ, नववीत ६० विद्यार्थी असताना त्यांपैकी १५ जण नापास झाले, शाळा सोडून गेले किंवा खासगीरीत्या परीक्षेस बसले आणि उरलेले ४५ उत्तीर्ण झाले, तर शाळेचा निकाल १०० टक्के ठरतो. गळालेल्या १५ विद्यार्थ्यांची नोंद त्या आकड्यात नसते. म्हणून निकालासोबत आदल्या वर्षीची नववीची पटसंख्या पाहणे आवश्यक ठरते.

बहुतेक विषयांत ८० गुणांची लेखी परीक्षा व २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन असते. अंतर्गत गुण शाळाच देते. त्यामुळे एकूण गुणांपेक्षा लेखी परीक्षेतील गुणांवरून शाळांची तुलना अधिक विश्वसनीय ठरते. शिवाय निवडक विद्यार्थ्यांनाच प्रवेश देणाऱ्या किंवा ज्यांचे बहुतेक विद्यार्थी खासगी शिकवणीस जातात अशा शाळांच्या निकालाचे सर्व श्रेय अध्यापनाला देता येत नाही. विद्यार्थी कोणत्या पातळीवर आला आणि कोठवर पोहोचला, यातील अंतर हे शाळेच्या कामाचे अधिक योग्य माप मानले जाते.

अध्ययनाची पडताळणी

‘असर २०२३’ या सर्वेक्षणात १४ ते १८ वयोगटातील सुमारे २५ टक्के मुलांना प्रादेशिक भाषेतील दुसरीच्या पातळीचा उतारा अस्खलित वाचता आला नाही; तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे उदाहरण ४३.३ टक्के मुलांनाच सोडवता आले. वरच्या वर्गात जाणे म्हणजे शिकणे नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

पालकांना काही बाबी सहज तपासता येतात. वहीतील चुका शिक्षकांनी दाखवल्या आहेत की केवळ स्वाक्षरी केली आहे, पाठ्यपुस्तकाबाहेरचे उदाहरण पाल्य सोडवू शकतो का, प्रयोग तो स्वतः करतो की फक्त प्रयोगवहीत उतरवतो, गणित, विज्ञान व इंग्रजीच्या शिक्षकांची पदे भरलेली आहेत का, मागे पडलेल्यांसाठी वेगळे वर्ग होतात का, हे प्रश्न त्यांत मोडतात.

पालकांचे कायदेशीर स्थान

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्क अधिनियमानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत ५० टक्के महिला असतात. शाळेच्या कामकाजावर व अनुदानाच्या विनियोगावर देखरेख करणे आणि विकास आराखडा तयार करणे ही समितीची कामे आहेत. मात्र हा अधिनियम आठवीपर्यंतच्या शिक्षणापुरता आहे. विनाअनुदानित शाळांना समितीची तरतूद लागू नाही आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर खासगी अनुदानित शाळांत तिची भूमिका केवळ सल्लागाराची राहिली. परिणामी शालान्त परीक्षा जवळ येते त्याच टप्प्यावर पालकांचा कायदेशीर अधिकार क्षीण होतो. खासगी शाळांच्या शुल्कवाढीबाबत मात्र राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन अधिनियमाने पालक-शिक्षक संघाला स्थान दिले आहे. शासकीय व अनुदानित शाळांची माहिती माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली मागता येते.

माहितीची शासकीय साधने

प्रत्येक शाळेला ११ अंकी यूडायस सांकेतांक असतो. त्याआधारे पटसंख्या, शिक्षकसंख्या व भौतिक सुविधा पाहता येतात. ही माहिती शाळेनेच भरलेली असल्याने प्रत्यक्ष भेटीची गरज उरतेच. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘शाळासिद्धी’ कार्यक्रमात सात क्षेत्रांत शाळेचे स्वयंमूल्यमापन व बाह्यमूल्यमापन अपेक्षित असून समाजाचा सहभाग हे त्यांपैकी एक क्षेत्र आहे. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण नमुना पद्धतीचे असल्याने त्यावरून एखाद्या विशिष्ट शाळेविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

मर्यादा

स्वतः फारसे न शिकलेल्या पालकांना अध्यापनाची पारख करणे कठीण जाते व ते लौकिकावर विसंबतात. ज्या परिसरात एकच माध्यमिक शाळा असते, तेथे निवडीला वावच नसतो. अशा ठिकाणी पालककृत मूल्यमापनाचा उपयोग शाळा बदलण्यासाठी नव्हे, तर पालकसभेत नेमके प्रश्न विचारून आहे तीच शाळा सुधारण्यासाठी होतो.

हेही पहा

शाळा व्यवस्थापन समिती
पालक-शिक्षक संघ
माध्यमिक शालान्त प्रमाणपत्र परीक्षा