परक्या भट्टीतली नानकटाई

फराळाच्या ताटातील करंजी-चकलीच्या कुळाविषयी कोणी शंका घेत नाही. पण ताटाच्या कडेला अंग चोरून बसलेल्या भेगाळ नानकटाईचे काय? ती आमच्या घरात शिरली कशी, याचा विचार मला दर दिवाळीला पडतो.

नावापासूनच ती परकी. 'नान' हा पाव या अर्थाचा फारसी शब्द. 'खताई'विषयी पंडितांचे एकमत नाही, आणि सणाच्या दिवशी तो वाद नको. माहेर सुरतेचे. तेथील डचांसाठी पाव भाजणाऱ्या पारशी कारागिरांचे गिऱ्हाईक डच गेल्यावर आटले, तेव्हा ते पाव वाळवून विकू लागले, आणि पुढे त्यातूनच नानकटाई निघाली, अशी तिथल्या दोटीवाला घराण्याची परंपरा सांगते. पावाचे पीठ ताडीने फुगवीत. नानकटाईला ना ताडी, ना अंडे. तूप, साखर आणि पीठ. सोवळ्याच्या उंबरठ्याशी येण्याइतकी पात्रता तिला तेथेच मिळाली.

आमच्या नागपुराजवळ कामठीची छावणी १८२१ मध्ये वसली, १८६७ मध्ये आगगाडी आली आणि १ जानेवारी १८७७ रोजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. पाव-बिस्किटे खाणारी माणसे आली ती याच वाटांनी असावीत. महालातल्या वाड्यांना मात्र त्या वासाचेही वावडे होते. त्यात नवल नाही. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आली आणि रानडे, टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य ओढवले. प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. एका पेल्याची ही किंमत!

माझी आजी त्यानंतर दहाएक वर्षांनी जन्मली. मला आठवते ती १९५८ ची दिवाळी. आई तूप आणि पिठीसाखर तळहाताने पांढरीशुभ्र होईपर्यंत फेसायची, मग मैदा, थोडे बेसन, रवा आणि चिमूटभर सोडा. सुगंधाचे प्रयोगही झाले होते. गुलाबपाणी घातले, ते भट्टीतच उडून गेले. केवड्याचे दोनच थेंब जास्त पडले, तर सगळा घाणा अत्तराच्या फायासारखा लागला. शेवटी वेलदोडा आणि जायफळ हेच खरे; त्यांचा वास तुपात मुरतो आणि आठ दिवस डब्यात टिकतो.

गोळे वळून झाले की पत्रे डोक्यावर घेऊन आम्ही मुले भट्टीवर. तेथे रात्री उशिरापर्यंत रांग. प्रत्येक पत्र्यावर नावाची चिठ्ठी, आणि तरीही आईची ताकीद ठरलेली : "चाचा, आमच्या साजूक तुपाच्या पत्र्यात कुणाचा डालडा मिसळू नका हं!" भट्टीवाले चाचा हसत आणि लांब दांड्याच्या फळीने पत्रे आत सारत.

आजीचा निवाडा असा की, तूप आपले, हात आपला, आणि अग्नीला कसला आलाय विटाळ? मुलांनी खुशाल खावे. स्वतः मात्र ती शिवत नसे. गंमत अशी, की चहा ती दिवसातून तीनदा घेई, गवती चहा आणि आले घालून! पुण्यात ज्याच्यापायी एवढे रण माजले, तो चहा अर्ध्या शतकात सोवळ्याच्या चुलीवर जाऊन बसला होता, आणि बिस्किटाची ही गरीब बहीण अजून ओसरीवरच होती.

त्या भाऊबीजेला दुपारी सारे निजले होते. मी पाणी प्यायला उठलो, तर स्वयंपाकघराच्या दाराशी आजी बसलेली. हातात कप, आणि कपात बुडवलेली अर्धी नानकटाई. मला पाहून ती दचकली नाही. सावकाश तो तुकडा संपवला, पदराने ओठ टिपले.

संध्याकाळी फराळाची ताटे मांडताना ती आईला म्हणाली, "सूनबाई, औंदा जायफळ कमी पडलं गं."

आई तिच्याकडे पाहतच राहिली.