घाट बंद, घाट चालू

डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत एखादी पहाट अशी उगवते, की वेण्णा तलावाची लाकडी जेटी पांढरी पडलेली असते. लिंगमळ्यात स्ट्रॉबेरीच्या पानांच्या कडा कडक झालेल्या असतात आणि रात्रभर उघड्यावर राहिलेल्या गाड्यांच्या टपांवर बोटाने नाव लिहिता येईल एवढा थर साचलेला असतो. हॉटेलातली मंडळी स्वेटर चढवून तिकडे धावतात, थर खरवडून त्याचा चिमूटभर गोळा करतात आणि फोटो काढतात. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते : महाबळेश्वरात हिमकण.

हा बर्फ आकाशातून पडत नाही. निरभ्र रात्री जमीन भराभर थंड होते, जड गार हवा उतारावरून ओघळत तलावाकाठच्या सखल भागात साठते आणि तिथले दव गोठते. म्हणून बाजारपेठेत पारा बऱ्यापैकी वर असतानाही दोन-तीन किलोमीटरवरच्या वेण्णाकाठी गवत पांढरे होते. ऊन चढले की खेळ संपतो. या थराने सातारा जिल्ह्यातला घाट कधी अडवला नाही, आणि सांगलीकडे तर तेवढेही नाही.

तरीही घाट कधी ओलांडावा आणि कधी नाही, हा प्रश्न या मुलखाने शतकानुशतके सोडवला आहे. हिमालयात जे काम बर्फ करते, ते सह्याद्रीत पाऊस करतो. २०२० साली अटल बोगदा खुला होईपर्यंत रोहतांग खिंड बंद झाली, की लाहौलची माणसे काही महिने जगापासून तुटत. महाबळेश्वरावर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या काळात इथल्या वाटाही तशाच मिटत. घाटाचा खरा हंगाम दसऱ्यानंतर सुरू व्हायचा.

महाबळेश्वरच्या पठारावरून कोकणात उतरणारा पार घाट ही वाईची आणि महाडची जुनी नाळ. वर देशावरचे धान्य, खाली सावित्रीच्या खाडीतून आलेले मीठ आणि सुकी मासळी, आणि मधली वाहतूक बैलांच्या पाठीवर. बैल गोण्या घेऊन तांड्याने चालत, त्यामुळे वाट रुंद असण्याची गरज नव्हती. मात्र निसरडी वाट चालणार नव्हती. पाठीवर ओझे असलेला बैल चिखलात घसरला तर माल जातो आणि जनावरही जाते, हे तांडेवाल्याला कोणी शिकवावे लागत नव्हते.

मोठ्या फौजांनाही यातून सुटका नव्हती. विजापुराहून निघालेला अफझलखान १६५९ चा पावसाळा वाईत तळ ठोकून राहिला. जावळीच्या रानात उतरला तो पाऊस ओसरल्यावर, रडतोंडी घाटाने, आणि त्याने पार गावाजवळ छावणी दिली. १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी काय झाले, ते शाळकरी पोरांनाही पाठ आहे. त्या कथेत वाघनखे आणि चिलखत यांच्यापुढे वाटेची गोष्ट मागे पडते. पण एवढे सैन्य अशा अवघड वाटेने दरीत उतरवणे, हाच अर्धा सापळा होता. आत शिरायला एक हंगाम आणि बाहेर पडायला मोजक्या वाटा, त्याही दुसऱ्याच्या ओळखीच्या.

घाटवाटांचे रस्ते झाले ते थंड हवेच्या हौसेपायी. १८२४ मध्ये लॉडविक हा इंग्रज अधिकारी महाबळेश्वरच्या कड्यापर्यंत चढून आला. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच साताऱ्याचे रेसिडेंट ब्रिग्ज यांच्या आग्रहावरून छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी साताऱ्याहून वर रस्ता करवून घेतला. मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांना जागा इतकी भावली, की १८२९ मध्ये वाईकडचे खंडाळा गाव देऊन कंपनी सरकारने ती महाराजांकडून बदल्यात घेतली. ‘माल्कम पेठ’ हे बाजाराचे नाव तिथून आले. गिरिस्थानातले पुष्कळसे रस्ते घडवले मलाक्का-सिंगापूरकडून आणलेल्या चिनी कैद्यांनी. त्यांचा तुरुंग १८६४ पर्यंत इथे होता. बटाटे आणि भाज्या पिकवण्यासाठी त्यांची आठवण निघते, फोडलेल्या खडीसाठी मात्र फारशी कोणी काढत नाही.

साहेबाचा हंगाम होता उन्हाळ्याचा. एप्रिल-मे भर सीझन, जूनच्या पहिल्या सरींबरोबर सगळे बाडबिस्तरा आवरून खाली, आणि पुन्हा दसरा-दिवाळीच्या आसपास थोडी वर्दळ. पावसापूर्वी बंगल्यांच्या भिंतींना गवताच्या झड्या बांधत, दुकानदार फळ्या लावून वाईला उतरत. डिसेंबरात वर जाणे हा वेडेपणाच समजला जाई. नाताळच्या सुट्टीत वाईहून वर चढणाऱ्या पसरणी घाटात गाड्यांची रांग लागणे ही आपल्या काळातली गोष्ट आहे.

१८७६ मध्ये गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांच्या नावाचा घाट पोलादपूरकडे उतरला. लोक त्याला आंबेनळी घाट म्हणतात. बैलवाटेने सरळ कड्याला भिडायचे असते. गाडीरस्त्याला तसे चालत नाही. चढ सौम्य ठेवायचा तर लांबी वाढते, लांबी वाढवायची तर वळणे येतात, आणि प्रत्येक वळणाला डोंगर कापावा लागतो. कापलेल्या डोंगराची कड पावसात भिजते, सुटते आणि खाली येते. म्हणजे बैलगाडीला सोपा झालेला घाट दरडीलाही सोपा झाला. पुढे रेल्वे आल्यावर वाठार स्टेशनवर उतरून टांग्याने वाई-पाचगणी करत वर जाण्याची सोय झाली. पण मुंबईकरांना बोटीने महाडकडे येऊन आंबेनळीने चढणे बरीच वर्षे जवळचे वाटे.

सांगलीचे दुखणे वेगळे. या जिल्ह्याचा बराच भाग सपाट, पूर्वेला जत-आटपाडीचे माळ, आणि समुद्र मात्र कड्यापलीकडे. कोकणची ओढ भागवली ती कुंभार्ली घाटाने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे गाडीरस्ता झाला आणि चिपळूणच्या बंदराशी कराडची गाठ पडली. आज गुहागर-विजापूर म्हणून ओळखला जाणारा रस्ता चिपळूण, पोफळी, कोयनानगर, पाटण, कराड, विटा, जत असा एका दोरीत सगळे ओवतो. त्यावर एका टोकाला नारळी-पोफळी आहेत आणि दुसऱ्या टोकाला ज्वारीची ताटे.

स्वातंत्र्यानंतर घाट सर्वसामान्यांचा केला तो एसटीने. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी सुटली आणि काही वर्षांत लाल गाड्या घाटांतून दिसू लागल्या. गाडी लागू नये म्हणून तोंडात आवळा सुपारी, हातात लिंबू, खिडकीची जागा लहान मुलाला, हा प्रवासाचा सरंजाम त्याच काळातला. घाटातला कायदाही ड्रायव्हरांनी पुस्तकाआधी रस्त्यावर पाठ केला : रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्याने थांबायचे, चढणाऱ्याला वाट द्यायची. पुढे १९८९ च्या केंद्रीय नियमावलीत हेच लिहिले गेले. ज्या गियरमध्ये घाट चढलो त्याच गियरमध्ये उतरायचे, न्यूट्रल टाकायचा नाही, हे मात्र वस्तादाकडूनच कळते. डिझेल वाचवायला उतारावर गाडी सोडून देणाऱ्याचे ब्रेक लाइनर तापतात आणि नेमके शेवटच्या वळणावर दगा देतात.

बोगद्याने सगळे सुटते, असेही नाही. पुणे-सातारा रस्त्यावरच्या खंबाटकीत साताऱ्याकडे जाताना जुना घाट चढायचा आणि पुण्याकडे येताना बोगदा, अशी एकेरी वाहतूक झाली आणि समोरासमोरच्या धडका टळल्या. पण बोगद्यातून वेगात बाहेर पडणाऱ्या गाडीपुढे ‘एस’ आकाराचे वळण येते. १० एप्रिल २०१८ ला त्याच वळणावर मजुरांचा टेम्पो उलटून १८ जण गेले. त्याच वर्षी २८ जुलैला, ऐन पावसात, दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची महाबळेश्वरला सहलीला निघालेली बस आंबेनळीच्या दरीत कोसळली. बसमधल्यांपैकी फक्त एक वाचला. पावसाळी सहल ही कल्पनाच मुळी जुन्या तांडेवाल्याला कळली नसती.

जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरावर चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणी खचला, पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव दरडीखाली गेले. आता पावसाळ्यात जिल्हाधिकारी घाटांवर अवजड वाहनांना बंदीचे आदेश काढतात. शेजारच्या वरंध घाटाला तर असे आदेश नित्याचे झाले आहेत.

मग हिवाळा निर्धोक का? साताऱ्याच्या डोंगरातली सर्वांत मोठी दुर्घटना भर थंडीतली आहे. वाईजवळच्या मांढरदेव गडावर काळूबाईची यात्रा पौष पौर्णिमेला भरते. २५ जानेवारी २००५ ला तिथल्या चेंगराचेंगरीत आणि आगीत तीनशेच्या आसपास भाविक गेले. मंदिराकडची वाट चढाची आणि चिंचोळी होती, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायाखाली निसरडे झाले होते आणि दुतर्फा दुकाने होती. न्यायमूर्ती राजन कोचर यांच्या आयोगाने चौकशी केली आणि त्यानंतर यात्रेचा बंदोबस्त पार बदलला. दरडीचा किंवा पावसाचा तिथे काही संबंध नव्हता. डोंगर कोरडा होता, आभाळ स्वच्छ होते, आणि वाटेला पेलवणार नाही एवढी माणसे एका वेळी वर आली होती.

३१ डिसेंबरला पसरणी घाटात अडकलेल्या गाड्यांचे गणितही याच जातीचे आहे. एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला कडा, आणि रांग मोडून पुढे घुसणारा एकजण दोन्ही दिशा बंद करतो. वाई सोडण्याआधी पेट्रोल, पाणी आणि मुलांचे खाणे गाडीत असावे, ही सूचना हॉटेलवालेच आता बुकिंग घेताना देतात.

सांगली-विट्याहून नाताळच्या सुट्टीत गुहागरला निघालेल्या कुटुंबाला कुंभार्लीचे भय वाटते, पण थंडीतला जास्त धोका घाटाच्या अलीकडे, कराडपर्यंतच्या सपाटीवर असतो. उसाचा हंगाम चालू असतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांवर रुंदीबाहेर आलेली मोळी, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि पहाटे नदीकाठचे धुके रस्त्यावर उतरलेले. परिवहन कार्यालये दरवर्षी ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर चिकटवण्याची मोहीम काढतात, पण वाढ्यांचा भार त्यांवर लोंबला की ते दिसेनासे होतात. कोकणात लवकर पोहोचण्यासाठी पहाटे तीनला गाडी काढणारा माणूस नेमका हाच पट्टा अंधारात आणि धुक्यात पार करतो. उजाडल्यावर निघाले तरी दुपारच्या जेवणाला चिपळूण गाठता येते, आणि कुंभार्ली लख्ख उजेडात उतरून होतो.