मोनेचं तळं आणि गावकऱ्यांचं पाणी

आमच्या गच्चीवर सिमेंटची एक जुनी टाकी आहे. तिच्यात मी कुमुदिनी लावली. पहिलं फूल उमललं त्याच आठवड्यात शेजारच्या काकू जिना चढून वर आल्या. म्हणाल्या, "भाई, तुमच्या फुलांपायी आमच्या घरात मलेरिया यायचा." त्यांचं खोटं नव्हतं. साचलेल्या पाण्यात डास होणारच. मी गप्पी मासे आणून सोडले, तेव्हा कुठे तंटा मिटला. त्या दिवशी मला क्लोद मोने आठवला.

या फ्रेंच चित्रकाराची कमळांची चित्रं आपण कॅलेंडरवरसुद्धा पाहिलेली असतात. (ती खरं तर कमळं नव्हेत, कुमुदिनीच.) पण ते तळं निसर्गानं दिलेलं नव्हतं. पॅरिसपासून काही कोसांवरच्या जिव्हर्नी गावात मोने १८८३ साली भाड्याच्या घरात राहायला आला. १८९० मध्ये त्यानं ते घर विकत घेतलं आणि १८९३ मध्ये रेल्वेच्या रुळापलीकडची थोडी ओलसर जमीन. तिथे तळं खणायचं आणि शेजारून वाहणाऱ्या ओढ्याचं पाणी त्यात वळवायचं, असा त्याचा बेत होता.

गाव बिथरलं. त्या ओढ्यावर बायका कपडे धूत, गुरं पाणी पीत. ही परदेशी झाडं पाणी विषारी करतील, अशी लोकांना धास्ती वाटली. मोने तेव्हा रूआँ शहरात तिथल्या कॅथेड्रलची चित्रं काढत होता. तिथून त्यानं वैतागून घरी कळवलं की, ती झाडं नदीत फेकून द्या. पुढे राग ओसरल्यावर जुलैमध्ये त्यानं प्रीफेक्टला, म्हणजे आपल्याकडच्या कलेक्टरलाच म्हणा, अर्ज लिहिला : हे सारं डोळ्यांच्या सुखासाठी आणि चित्रांना विषय मिळावा म्हणून आहे. आठवडाभरात परवानगी आली.

मला यात गावकऱ्यांना अडाणी म्हणून हसावंसं वाटत नाही. ओढा त्यांचा रोजचा होता आणि हा माणूस फुलांसाठी पाणी मागत होता. आपल्याकडे तर हा प्रश्न कुणीही समजू शकेल.

रंगीत कुमुदिनी मात्र त्या काळी नवलाईचीच. थंडीत टिकणारी युरोपातली जात पांढरी. लातूर-मार्लियाक नावाच्या बागवानानं संकर करून पिवळ्या, गुलाबी, लाल जाती तयार केल्या आणि १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडल्या. मोनेनं १८९४ मध्ये त्याच्याकडूनच झाडं मागवली. कुमुदिनीला वाहतं गार पाणी सोसत नाही, स्थिर आणि उन्हानं कोमटलेलं लागतं. म्हणून पाणी आत घ्यायला आणि बाहेर सोडायला झडपा बसवल्या होत्या.

खरी मेहनत पुढेच होती. तळ्यासाठी एक माळी वेगळा नेमलेला होता. तो सकाळी सपाट होडीतून फिरे, पिवळी पानं खुडे, शेवाळ काढे आणि पानांवरची धूळ धुऊन काढे. रुळावरून आगगाडीची काजळी येई, रस्त्यावरून मोटारींचा धुरळा. शेवटी मोनेनं पदरमोड करून रस्त्यावर डांबर घालून घेतलं! १९०१ नंतर त्यानं तळं वाढवलं. १९१० च्या सीन नदीच्या पुरात बाग बुडाली, ती पुन्हा उभी केली. १९१२ मध्ये मोतीबिंदूचं निदान झालं, तरी तो त्याच पाण्याकडे बघत रंगवत राहिला. १९२६ साली तो गेला. भिंतभर लांबीची ती चित्रं पॅरिसच्या ऑरांजरीत १९२७ मध्ये लोकांना पाहायला मिळाली.

चित्रं भिंतीवर शाबूत राहिली. तळ्याचं तसं नसतं. पुढे देखभाल सुटली, पाणउंदरांनी काठ पोखरले. १९७७ पासून डागडुजी सुरू झाली, तेव्हा तळं नव्यानं खणून काठांना पत्रे ठोकावे लागले. १९८० मध्ये बाग लोकांना खुली झाली. आजही तिथे माळी होडीतून तळ साफ करत फिरतात.

माझ्याकडे होडी नाही. चहाची एक जुनी गाळणी आहे, तिनं मी सकाळी शेवाळ काढतो. कधी कधी काकू वर येतात आणि गप्पी मासे मोजतात.