कागदाचा रुपया

महायुद्ध म्हटले की तोफा, पाणबुड्या, विमाने यांच्याच गोष्टी निघतात. मला मात्र पहिल्या महायुद्धाची खरी खूण एका कागदाच्या तुकड्यात दिसते. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी ब्रिटिश हिंदुस्थानात एक रुपयाची पहिली नोट निघाली.

तोवर रुपया म्हणजे चांदी. वजन एक तोळा, बारा भागांत अकरा भाग शुद्ध. दगडावर वाजवायचा, नाद ऐकायचा आणि मगच कनवटीला लावायचा. बायकांची शिल्लक याच रुपयांत, गाडग्यात नाहीतर पेटाऱ्याच्या तळाशी. नोटा होत्या, पण सर्वांत लहान पाच रुपयांची. गरिबाचा तिच्याशी संबंध क्वचितच.

युद्धाने हे गणित बिघडवले. गहू, ताग, कातडी यांची खरेदी आणि मेसोपोटेमियातल्या फौजेचा खर्च यांसाठी रुपये हवेत, आणि चांदी तर बाहेरून आणायची! लंडनमध्ये १९१५ साली औंसाला सुमारे २७ पेन्स असलेला भाव सप्टेंबर १९१७ मध्ये ५५ वर गेला. त्या वेळच्या हुंडणावळीने ४३ पेन्सांच्या वर भाव चढला की रुपयातली चांदी रुपयाहून महाग. मग नाणी मुशीत जाणारच. सरकारने वितळवण्यावर बंदी घातली आणि विलायतेहून नोटा छापून आणल्या. गंमत पाहा, त्या नोटेवर चित्र होते ते पंचम जॉर्जच्या चांदीच्या रुपयाचेच!

२ जानेवारी १९१८ रोजी अडीच रुपयांची नोट आली. त्याच वर्षी चांदीची चवली जाऊन तांबे-निकेलची चौकोनी चवली आली. १९१९ मध्ये पावली आणि अधेलीही त्याच वाटेने गेल्या.

आपला गोवाही सुटला नाही. पोर्तुगाल मार्च १९१६ पासून युद्धात होता. सोळा टांगांचा रुपया चालवणाऱ्या आपल्या मुलखासाठी बांको नासिओनाल उल्त्रामारिनोने १९१७ सालच्या तारखेच्या चार टांगा, आठ टांगा आणि एक रुपयाच्या नोटा काढल्या. आमच्या पावसात, वाळवीत कागद सांभाळायचा म्हणजे काय, हे गोंयकाराला सांगायला नको.

ब्रिटिश मुलखात काही ठिकाणी नोट मोडताना बट्टा कापला जाई. श्रीमंताला त्याचे काय? झळ बसली ती रोजगाऱ्याला, ज्याच्या हातात एकच नोट होती. शेवटी एप्रिल १९१८ मध्ये अमेरिकेने कायदा करून चांदी विकायला काढली. सुमारे २० कोटी औंस हिंदुस्थानसाठी आली आणि वेळ निभावली. १ जानेवारी १९२६ पासून एक रुपयाची नोट काढणे बंद झाले. ती परत आली १९४० साली, दुसऱ्या युद्धात.

माझ्या मते त्या वर्षी सामान्य माणसाने चांदीपेक्षा मोठे काही गमावले. रुपया खरा की खोटा, हे तोवर तो स्वतःच्या कानाने ठरवत होता. नोट वाजत नाही. तिच्यावरच्या सहीवर विश्वास ठेवावा लागतो, आणि सही करणारा माणूस कधी दिसत नाही.