कार्शाल्टनचा जलमनोरा

लंडनच्या दक्षिणेकडील सटन विभागात, कार्शाल्टन हाउस या जुन्या जमीनदारी वाड्याच्या आवारात असलेला अठराव्या शतकातील विटांचा मनोरा. वाड्याला व बागेला पाणी मिळावे म्हणून तो १७१९–२१ च्या सुमारास सर जॉन फेलोज याने बांधून घेतला. कार्शाल्टन तेव्हा सरे परगण्यातील खेडे होते. चुनखडीच्या टेकड्यांच्या पायथ्याला तेथे झरे फुटतात व त्यांचे पाणी वँडल नदीला मिळते. गावात पाण्याला तोटा नव्हता. अडचण होती ती पाणी उंच चढवण्याची.

मनोऱ्याच्या तळाशी प्रवाहाच्या पाण्यावर फिरणारे चक्र बसवले होते. ते पंप चालवी, पंप पाणी माथ्याजवळच्या शिशाच्या टाकीत चढवी आणि तेथून ते आपल्याच दाबाने नळांवाटे खाली येई. यंत्रणा एवढीच. पण तेवढ्यासाठी साधा खांब आणि टाकी पुरली असती. मालकाने मनोऱ्याच्या पायथ्याशी संत्र्याची झाडे थंडीतून जगवण्याचे दालन, बैठकीची खोली आणि डेल्फ्टच्या फरशांनी मढवलेले, पायऱ्या उतरून जाण्याचा हौद असलेले स्नानगृहही बांधले. पाणीपुरवठा हे निमित्त, खरा हेतू ऐश्वर्य दाखवण्याचा, असेच म्हणावे लागते. दुरून वास्तू एखाद्या चर्चच्या मनोऱ्यासारखी दिसते. आराखड्याचे श्रेय हेन्री जॉइन्स याला दिले जाते. ब्लेनहाइम राजवाड्याच्या बांधकामावर तो देखरेख करत असे.

फेलोज हा साउथ सी कंपनीचा उपगव्हर्नर. १७२० मध्ये कंपनीच्या शेअरांचा फुगा फुटला आणि हजारो लोक बुडाले. पुढच्या वर्षी पार्लमेंटने संचालकांच्या मालमत्तांवर टाच आणली. फेलोजची मालमत्ता सुमारे २,४३,००० पौंडांची भरली, त्यांपैकी १०,००० पौंड त्याच्याकडे राहू दिले. स्नानगृहाचे सुख त्याला फार काळ लाभले नाही. १७२४ मध्ये तो वारला.

नंतर वाडा अनेक हातांतून गेला. १८९३ मध्ये ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ या जोगिणींच्या संघाने तो घेऊन तेथे सेंट फिलोमिनाज ही मुलींची शाळा चालवली. मुंबईत वांद्र्याचे सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट याच संघाचे. मनोरा संरक्षित वास्तू असून त्याची देखभाल एक स्थानिक न्यास करतो. आवारात शाळा भरत असल्याने तो ठरावीक दिवशीच पाहता येतो.