चिंध्यांचं गाठोडं बदललं, फडक्यात आता काय भरायचं?

आज आपण बोलू या गरम भांडं धरायच्या फडक्याबद्दल. हल्ली आपल्यापैकी बरेच गट गोधडीसारखे टाके घालून अशी चौकोनी फडकी शिवतात आणि प्रदर्शनात विकतात. शहरातल्या बायका त्यांना पॉटहोल्डर म्हणतात. वरच्या कापडाचा रंग, काठ, ठिगळांची नक्षी यावर आपण तास तास बोलतो. पण हात वाचतो तो आतल्या भरणामुळे. आपल्या आज्यांना भरणाचा विचार कधी करावा लागला नाही, आपल्याला मात्र करावा लागतो. असं का झालं, त्याची ही गोष्ट.

पूर्वी घरात येणारं बहुतेक कापड सुती असायचं. मुंबईत पहिली सूतगिरणी उभारायला 1854 मध्ये सुरुवात झाली. सोलापुरात 1877 मध्ये गिरणी आली आणि इचलकरंजीत 1904 मध्ये पहिला यंत्रमाग लागला. कापड हातमागाचं असो की गिरणीचं, सूत कापसाचंच. लुगडं विरलं की त्याची गोधडी नाहीतर वाकळ व्हायची, उरलेल्या चिंध्या गाठोड्यात जायच्या. त्यात कधी धनगरी घोंगड्याचा तुकडाही असायचा, तो लोकरीचा. कापूस आणि लोकर दोन्ही वितळत नाहीत. फार तापले तर करपतात, वास सुटतो आणि हात सोडवायला वेळ मिळतो. म्हणून गाठोड्यातून हाताला येईल ती चिंधी घेऊन तवा उतरवला तरी चालायचं.

मग आलं पॉलिएस्टर. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या एका कापड छपाई संस्थेत व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी 1941 मध्ये हा धागा शोधला. तो शेतात पिकत नाही, खनिज तेलापासून बनतो. तिकडे त्याला टेरिलीन म्हणत. 1960 नंतरच्या दशकात आपल्या ठाण्यातही असा धागा तयार होऊ लागला. पण त्यावर कर मोठा होता, त्यामुळे टेरिलीनचं कापड म्हणजे लग्नाकार्यातली मिजास.

1982 मध्ये दोन गोष्टी घडल्या. जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यानंतर कित्येक गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्या नाहीत. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला पॉलिएस्टर धाग्याचा मोठा कारखाना चालू झाला. 1985 मध्ये सरकारचं नवं कापड धोरण आलं आणि कृत्रिम धाग्याला मोकळीक मिळाली. सुरतेच्या मागांवरच्या स्वस्त साड्या आठवडी बाजारात दिसू लागल्या. लवकर वाळतात, रंग जात नाही, इस्त्री लागत नाही. लांबून पाणी आणून धुणं धुणाऱ्या बाईला त्यांनी सुखच दिलं, हे आपण नाकारायचं नाही.

पण त्या साड्याही जुन्या झाल्या आणि त्याच गाठोड्यात गेल्या. गाठोडं बदललं, आपली सवय तीच राहिली. खरा धोका इथे आहे. पॉलिएस्टर साधारण 250 ते 260 अंशांना वितळतं आणि त्याआधीच मऊ पडतं. मोठ्या आचेवर भाकरीचा लोखंडी तवा तेवढा तापू शकतो. वितळलेलं कापड कातडीला चिकटतं. तसं झालं तर ओढून काढू नका. वीस मिनिटं साधं पाणी सोडा आणि दवाखाना गाठा. फडकं जाड आहे म्हणजे ते सुरक्षित आहे असं नाही. उशीत भरतात तो पांढरा फायबर आणि स्पंज दोन्ही जाड असतात आणि दोन्ही वितळतात.

मग ओळखायचं कसं? कापडाचे चार दोरे काढा. अंगणात, पदर खोचून, पाण्याची बादली जवळ ठेवून, चिमट्यात धरून पेटवा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि ती लवकर विझते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आखडतं आणि मागे कडक काळा मणी उरतो. टेरीकॉटसारख्या मिश्र कापडाच्या राखेत खडे लागतात. मणी किंवा खडा दिसला की तो तुकडा फडक्यात घालायचा नाही.

भरणाला जुन्या सुती साडीचे किंवा टॉवेलचे थर घ्या, नाहीतर घोंगड्याचा तुकडा. पिंजलेला कापूसही चालतो, पण तो दोन सुती कापडांत टाचून घ्या, नाहीतर धुतल्यावर गोळे होतात. कापड आधी गरम पाण्यात धुऊन आटवून घ्या. टाके फार जवळ घालू नका. थरांमध्ये अडकलेली हवा उष्णता अडवते आणि दाट टाक्यांनी ती दबते. शिवायचा दोराही सुतीच हवा. आणि फडकं कोरडंच वापरा. हवेपेक्षा पाण्यातून उष्णता सुमारे 25 पट लवकर जाते, शिवाय वाफेने हात भाजतो तो वेगळाच.

विकताना चिठ्ठीवर दोन शब्द लिहा, 'आत सुती भरण'. गिऱ्हाइकाला आतलं दिसत नाही, ते आपल्या शब्दावर पैसे देतं.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपापलं गाठोडं घेऊन यावं. दोरे पेटवून पाहू आणि दोन ढीग करू. वितळणाऱ्या कापडाच्या पिशव्या आणि पायपुसणी होतील. फडक्यात जाईल ते फक्त सुती आणि लोकरीचं.