फिनेलचा वास आणि मांजराचे पंजे

फरशी स्वच्छ झाली याची खूण म्हणजे फिनेलचा वास, असं आपल्या मनात पक्कं बसलं आहे. पण घरात मांजर असेल, तर याच वासाने सावध व्हायला हवं. का, ते समजायला थोडं मागे जाऊ या.

१८३४ साली रुंग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने दगडी कोळशाच्या डांबरातून कार्बोलिक आम्ल, म्हणजे फिनॉल, वेगळं काढलं. १८६५ मध्ये इंग्लंडात गुरांना बुळकांडीच्या साथीने गाठलं, तेव्हा विल्यम क्रुक्स यांनी गोठ्यांसाठी त्याचीच शिफारस केली. कार्लाइल शहरात ते सांडपाण्यात घालत आणि ते पाणी मिळणाऱ्या कुरणांतल्या गुरांचे जंतविकार कमी झाले, हे जोसेफ लिस्टर यांच्या वाचनात आलं. त्यांनी त्याच वर्षी ग्लासगोत ते जखमांवर वापरलं. गुरांकडून दवाखान्यात गेलेलं हे औषध पुढे घरोघरच्या बाटलीत आलं.

आपलं यकृत थोडंफार फिनॉल निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात ते काम नीट होतच नाही. ओल्या फरशीवरून चालायचं आणि मग पंजे चाटायचे, हा तर त्याचा स्वभाव. म्हणजे विष थेट पोटात.

मग करायचं काय? उत्तरं तितकीच जुनी आहेत. १८७७ मध्ये डाउन्स आणि ब्लंट यांनी उन्हात नळ्या ठेवल्या. उघड्या नळ्यांतलं द्रावण नितळ राहिलं, शिशाच्या पत्र्यात गुंडाळलेल्यांतलं गढूळ झालं. ऊन जंतू मारतं, हे सिद्ध झालं. १८८१ मध्ये रॉबर्ट कॉख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की कोरड्या उष्णतेपेक्षा वाफ अधिक प्रभावी. टॉक्सोप्लाझ्मा मांजराच्या विष्ठेतून पसरतो, हे १९७० च्या सुमारास ओळखलं गेलं. ती ताजी असताना बाधक नसते, त्याला निदान एक दिवस लागतो. म्हणून मातीचा ट्रे रोज साफ करणं आणि उकळत्या पाण्याने धुणं, हाच मोठा उपाय. गरोदर स्त्रीने मात्र हे काम दुसऱ्यावर सोपवावं.

पण सौम्य उपायांनाही मर्यादा आहेत. १९७८ मध्ये कुत्र्यांमध्ये पार्व्हो विषाणूची जगभर साथ पसरली. तो जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो, व्हिनेगरला दाद देत नाही. तिथे ब्लीचच लागतं. एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी घ्यावं. प्राण्याला दुसरीकडे न्यावं, आधी घाण आणि लघवी पूर्ण धुऊन काढावी, कारण लघवीतल्या अमोनियाशी ब्लीच मिळालं तर विषारी वायू निघतो. मग दहा मिनिटं जागा ओली ठेवून स्वच्छ पाण्याने धुवावी, वाळू द्यावी आणि त्यानंतरच प्राण्याला आत आणावं.

रोजच्यासाठी क्रम साधा आहे: घाण काढा, साबणाने घासा, गरम पाणी ओता, उन्हात वाळवा. बाटली गाठीला असू द्या, पण तिची पाळी शेवटी.